मूर्ती एक, मंडळं अनेक : घरच्या रेकॉर्डिंगसाठी लिनक्स निवडताना

(मंडळाच्या श्रावणातील मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



कार्यवाहांनी मला "कॉम्प्युटरवर काहीतरी बोला, पण अर्ध्या तासात संपवा" असं सांगितलं होतं. मी विषय घेतला तो असा : घरच्या घरी गाणं-वाजवणं रेकॉर्ड करायचं असेल, तर कॉम्प्युटरवर कुठलं लिनक्स घालावं. विषय ऐकून आमच्या घरातूनच पहिला प्रश्न आला, "हे ऐकायला येणार कोण?" तुम्ही आलात, आभारी आहे. यातले निम्मे जण नंतरच्या आरतीच्या तालमीसाठी थांबले आहेत, हेही मला ठाऊक आहे. पण आजचा विषय त्या तालमीचाच आहे, असं समजा.

सुरुवात आमच्या काकूंपासून करतो. इथल्या जुन्या लोकांनी त्यांना ऐकलं आहे. त्यांच्या तोंडी आरत्यांच्या ज्या चाली होत्या, त्या पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना ओळखूच यायच्या नाहीत. चार-पाच पिढ्या माळव्यात राहून चालीला इथलं वळण लागलेलं. शेवटच्या कडव्यात तर ती सरळ इथल्या बायकांच्या लग्नगीतांसारखी वळायची. २०१२ साली मी त्यांची अकरा गाणी रेकॉर्ड केली. पेटी वेगळ्या ट्रॅकवर, झांजा वेगळ्या, आवाज वेगळा. त्यासाठी एक नावाजलेला प्रोग्राम रीतसर विकत घेतला होता. दोन गाण्यांचं मिक्सिंग करून एमपी-थ्री काढल्या, बाकीची "सवडीने करू" म्हणून ठेवली.

सवड मिळाली तेव्हा काकू गेलेल्या होत्या. जुना कॉम्प्युटरही गेला होता. फाइली जपून ठेवल्या होत्या, पण त्या त्या प्रोग्रामच्या स्वतःच्या बंद स्वरूपातल्या. माझं लायसन्स जुन्या यंत्राशी बांधलेलं. नवी आवृत्ती दरमहा पैसे मागत होती. तेही भरून पाहिले, तर ती म्हणाली, इतकी जुनी फाइल मी उघडत नाही. अकरापैकी नऊ गाणी अजून माझ्या कपाटात आहेत, आणि ती ऐकता येत नाहीत. चूक माझी. प्रत्येक ट्रॅक साध्या फाइलीत काढून ठेवायला दहा मिनिटं लागली असती.

आपण परदेशीपुऱ्यात बसलो आहोत. मालकाने कुलूप लावलं की आतल्या यंत्राचं आणि ते चालवणाऱ्या हातांचं काय होतं, हे इथे कुणाला समजावून सांगायला नको. डिसेंबर १९९१ मध्ये हुकुमचंद मिल बंद झाली, ते इथल्या कितीतरी घरांनी पाहिलं. त्याच वर्षी, २५ ऑगस्टला, हेलसिंकीतल्या लिनस टॉर्वल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने जाहीर केलं की मी छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितो आहे. तेच पुढे लिनक्स. त्याची परवानगीच अशी आहे की कुणीही त्याची प्रत घ्यावी, आत डोकावावं, बदल करावा आणि पुढे द्यावं. ज्याने लिहिलं तो उद्या थांबला, तरी दुसरा उचलून चालवू शकतो. कुलूप लावायला दारच नाही.

आता हे लिनक्स आज का आठवावं? कारण बहुतेकांच्या घरी सात-आठ वर्षांपूर्वीचा एक कॉम्प्युटर आहे. विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि विंडोज ११ त्यातल्या पुष्कळ यंत्रांवर अधिकृतपणे चढत नाही. हे यंत्र भंगारात जायच्या लायकीचं नसतं. आठ जीबी रॅम आणि एक एसएसडी असेल, तर त्यावर पेटी-तबला-गाण्याचं उत्तम रेकॉर्डिंग होतं.

पण लिनक्स घ्यायला गेलं की पहिल्याच पावलाला माणूस अडखळतो. उबंटू, डेबियन, फेडोरा, मिंट, शेकडो नावं. यांना डिस्ट्रिब्यूशन, थोडक्यात डिस्ट्रो म्हणतात. हा घोळ आपल्या भाषेत सांगतो. गणपती एकच. पण प्रत्येक गल्लीचं मंडळ वेगळं. आरास कोणती, प्रसाद काय, कार्यक्रम कुठले, विसर्जन कधी, हे मंडळ ठरवतं. लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो सगळीकडे तोच. त्याभोवती कुठले प्रोग्राम मांडायचे, ते किती वेळा बदलायचे, किती वर्षं सांभाळायचे, हे डिस्ट्रो ठरवते. म्हणून डिस्ट्रो निवडताना आरास बघू नका. कार्यकर्ते किती आहेत आणि पुढच्या वर्षी मंडळ उभं राहणार का, ते बघा.

हे मी उगाच म्हणत नाही. संगीतासाठी म्हणून काढलेल्या डिस्ट्रो पुष्कळ झाल्या आणि पुष्कळ मिटल्या. '६४ स्टुडिओ' नावाची एक चांगली डिस्ट्रो होती, ती थांबली. 'केएक्सस्टुडिओ' कधीकाळी स्वतंत्र सिस्टिम होती. आज ते लोक संगीताचे प्रोग्राम देतात, सिस्टिम देत नाहीत. उलट आपल्याकडे बघा. गिरण्या बंद पडून इतकी वर्षं झाली, तरी हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी या गिरण्यांच्या नावाच्या झांक्या अनंत चतुर्दशीच्या रात्री निघतातच. मालक नाही, गिरणी नाही, पण समिती आहे.

आता संगीताचा खास प्रश्न. इतर कामाला कुठलीही डिस्ट्रो चालते, मग गाण्याला वेगळा विचार का? कारण विलंब. याला लेटन्सी म्हणतात. कॉम्प्युटर आवाज सलग पीत नाही, वाटीवाटीने पितो. सेकंदाला ४८,००० नमुने घेत असेल आणि वाटी १,०२४ नमुन्यांची असेल, तर एक वाटी भरायला २१ मिलिसेकंद लागतात. आत जाताना एक वाटी, बाहेर येताना एक, म्हणजे ४० च्या वर. वाटी १२८ ची केली तर प्रत्येकी पावणेतीन मिलिसेकंदांच्या आसपास.

हे आकडे कानाने समजून घ्या. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. दहा मिलिसेकंद म्हणजे साधारण अकरा फूट. एवढ्या अंतरावर तबलजी बसला तर गायकाला काही त्रास होत नाही. पण ४० मिलिसेकंद म्हणजे पंचेचाळीस फूट : तबलजी व्यासपीठावर आणि गायक त्या दारापाशी. द्रुत लयीत, मिनिटाला २४० मात्रा चालल्या असतील, तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. तिचा सहावा हिस्सा वाटेत गेला. सम कशी सापडणार?

मग सगळीकडे वाटी छोटी करावी, नाही का? करा, पण छोटी वाटी वेळेवर उचलायला कॉम्प्युटर तत्पर हवा. तो मध्येच दुसऱ्या कामाला गेला तर वाटी सांडते आणि रेकॉर्डिंगमध्ये 'टक्' असा आवाज येतो. याला एक्सरन म्हणतात. हा सांडलेला आवाज नंतर कुठल्याही फिल्टरने परत भरता येत नाही. संगीताच्या खास डिस्ट्रो जन्माला आल्या त्या मुख्यतः यासाठी. त्यांत असा कर्नल असे, जो आवाजाचं काम आलं की बाकीची कामं बाजूला ठेवतो.

इथे दोन गोष्टी सांगतो, ज्यांनी निवड फार सोपी झाली आहे.

पहिली, त्या खास कर्नलचं काम वीस वर्षं वेगळं चाललं होतं. ते आता मूळ लिनक्समध्येच आलं आहे, नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ आवृत्तीपासून. शिवाय आवाजाची वाहतूक बघणारी 'पाइपवायर' नावाची व्यवस्था आली. फेडोराने ती २०२१ मध्ये स्वीकारली, तिची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२३ मध्ये निघाली, आणि आता बहुतेक मोठ्या डिस्ट्रोंत ती असते. पूर्वी गाण्यासाठी 'जॅक' नावाची वेगळी व्यवस्था चालू करावी लागे आणि ती चालू केली की ब्राउझरचा आवाज बंद पडे. ती कटकट आता बरीच मिटली.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि ती दुकानदार सांगत नाही. माइक कॉम्प्युटरला जोडायला जी छोटी पेटी लागते, तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. बहुतेक इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर' असं बटण असतं. ते दाबलं की तुमचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता सरळ हेडफोनमध्ये येतो. विलंब जवळजवळ शून्य. आधी रेकॉर्ड केलेली पेटी ऐकत ऐकत त्यावर गायचं आहे? हे बटण दाबा, वाटी खुशाल मोठी ठेवा, टक् होणार नाही. प्रोग्राम मागचा विलंब मोजून नवा ट्रॅक बरोबर जागी बसवतो. म्हणजे आपल्या भजनी मंडळाला, आरतीला, नाट्यगीताला खास कर्नलची गरज फारशी नाहीच. ती गरज नातवाला आहे. तो कीबोर्ड जोडून कॉम्प्युटरच्या आतलं वाद्य वाजवतो, किंवा गिटार कॉम्प्युटरमधल्या अँप्लिफायरमधून ऐकतो. तिथे आवाज कॉम्प्युटरमधूनच यावा लागतो, मग वाटी छोटी हवी.

तेव्हा आधी ठरवा, घरात काय होणार आहे. मग या चार मंडळांकडे बघा.

पहिलं, उबंटू स्टुडिओ. २००७ पासून चालू आहे, उबंटूच्या अधिकृत कुटुंबातलं आहे, कार्यकर्ते भरपूर. रेकॉर्डिंगचे सगळे प्रोग्राम आणि जुळवाजुळव आधीच करून मिळते. दर सम वर्षाच्या एप्रिलमध्ये दीर्घ मुदतीची आवृत्ती येते आणि ती तीन वर्षं सांभाळली जाते. मधल्या आवृत्त्या नऊ महिन्यांच्या, त्यांच्या वाटेला जाऊ नका. नवख्याला माझा सल्ला हाच. आणि कुणाकडे साधं उबंटू आधीच असेल, तर त्यावरच स्टुडिओचं सामान चढवायचा एक प्रोग्राम मिळतो. सगळं पुसून नव्याने घालायची गरज नाही.

दुसरं, डेबियन. १९९३ पासूनचं, स्वयंसेवकांचं, उबंटूचं मूळ घर. साधारण दोन वर्षांनी नवी आवृत्ती, आणि प्रत्येकीची सुरक्षेची देखभाल एकूण पाच वर्षांपर्यंत. यात संगीताची जुळवाजुळव स्वतः करावी लागते : वापरणाऱ्याचं नाव 'ऑडिओ' गटात घालणं, प्राधान्याची परवानगी देणं, असं तासाभराचं काम. एकदा केलं की ते यंत्र पेटीसारखं झालं. झाकण उघडा, वाजवा. मी स्वतः हेच वापरतो.

तिसरं, एव्ही लिनक्स. डेबियनच्याच वंशातल्या एमएक्स लिनक्सवर उभं आहे. संगीताची तयारी इतकी बारकाईने क्वचितच कुणी करून देतं, आणि जुन्या यंत्रावरही चांगलं पळतं. पण ते मुख्यतः एका माणसाच्या कष्टावर चालतं. त्या माणसाबद्दल मला आदर आहे, तरीही मघाचा कार्यकर्त्यांचा नियम इथे लावा. वापरा, मात्र आपल्या फाइली त्यावर अवलंबून ठेवू नका.

चौथं, फेडोरा जॅम. सगळं नव्यातलं नवं हवं त्यांच्यासाठी. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती, प्रत्येकीची देखभाल सुमारे तेरा महिने. म्हणजे वर्षातून एकदा तरी घर हलवायचं. नातवाला आवडेल. आजीच्या रेकॉर्डिंगच्या यंत्रावर नको.

निवड झाली तरी लगेच विंडोज पुसू नका. सोळा जीबीच्या पेनड्राइव्हवर डिस्ट्रो चढवा आणि कॉम्प्युटर त्यावरूनच चालू करा. तुमच्या हार्ड डिस्कला हात न लावता सगळं बघता येतं. इंटरफेस ओळखला गेला का, दोन्ही माइक येतात का, हेडफोनला आवाज येतो का, ते तपासा. इंटरफेस विकत घ्यायचा असेल तर विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा : "हा ड्रायव्हर न घालता आयपॅडवर चालतो का?" चालत असेल तर बहुधा लिनक्सवरही चालेल. कंडेन्सर माइक असेल तर इंटरफेसवर ४८ व्होल्टची फँटम पॉवर हवी.

मग वीस मिनिटांचं सलग रेकॉर्डिंग करून बघा, वायफाय बंद ठेवून. किती एक्सरन झाले ते प्रोग्रामच दाखवतो. शून्य आले तर यंत्र पास. नाही आले तर वाटी एक पायरी मोठी करा आणि पुन्हा करा. ही परीक्षा पास करणारी साधी डिस्ट्रो, नापास होणाऱ्या नावाजलेल्या डिस्ट्रोपेक्षा चांगली.

प्रोग्रामबद्दल थोडक्यात. एक-दोन माइक आणि साधी काटछाट असेल तर 'ऑडॅसिटी' पुरे. अनेक ट्रॅकचं काम असेल तर 'आर्डर'. ऑर्डर नव्हे, आर्डर. पॉल डेव्हिस हे अॅमेझॉनचे अगदी सुरुवातीचे प्रोग्रामर. ती नोकरी सोडल्यावर त्यांनी १९९९ च्या अखेरीस हा प्रोग्राम लिहायला घेतला. जॅकही मूळ त्यांचंच. आर्डरची एक गोष्ट मला काकूंच्या गाण्यांनंतर कळली आणि मी तिथेच थांबलो. यात रेकॉर्ड केलेला प्रत्येक ट्रॅक साध्या वेव्ह फाइलीत पडतो, आणि कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो याची नोंद साध्या मजकुरात असते. उद्या आर्डर नसला तरी त्या वेव्ह फाइली कुठेही वाजतील. गंमत म्हणजे हे वेव्ह स्वरूप १९९१ सालीच मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी काढलं. तेव्हा माझं भांडण कुठल्या कंपनीशी नाही. फाइलीचं स्वरूप सगळ्यांना माहीत असावं, एवढंच म्हणणं आहे.

उणिवाही सांगायला हव्यात. विंडोजसाठी विकत घेतलेले बरेच प्लगइन आणि वाद्यांचे तयार आवाज लिनक्सवर सरळ चालत नाहीत. खटपटीने काही चालतात, काही नाही. ज्याचा व्यवसाय त्यावर आहे, त्याने लिनक्सकडे येताना दहादा विचार करावा. पण आपल्या घरी पेटी खरी आहे, तबला खरा आहे, गळा खरा आहे. तयार आवाज हवेतच कशाला?

आणि डिस्ट्रोपेक्षा खोली महत्त्वाची. पंखा बंद. फ्रिजपासून दूर. दारावर गोधडी टांगा, समोर गाद्या उभ्या करा. आपल्या भागात रात्री अकरानंतर बसा, आणि उत्सवाचे दहा दिवस तर नादच सोडा. सूर काळी चार की पांढरी एक, हे सुरुवातीलाच माइकमध्ये बोलून ठेवा. कुठलंही काम हातात असताना सिस्टिम अपडेट करू नका. गाणं पूर्ण होऊ दे, मग करा.

शेवटी, जे मी केलं नाही ते तुम्ही करा. ४८,००० नमुने आणि २४ बिट असं रेकॉर्ड केलं तर एका ट्रॅकला मिनिटाला आठ-नऊ एमबी लागतात. चार ट्रॅकचा पूर्ण तास सुमारे दोन जीबी. आजच्या पेनड्राइव्हला ते काहीच नाही. प्रत्येक ट्रॅक सुरुवातीपासून शेवटपर्यंत वेगळी वेव्ह फाइल म्हणून काढा. जागा वाचवायची असेल तर फ्लॅक स्वरूप घ्या. त्यात आवाजाचं काही गमावत नाही. तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी ठेवा. सोबत एक साधी मजकुराची फाइल : कोण गायलं, कोणत्या दिवशी, पेटीवर कोण, आणि ही चाल कुणाकडून आली. या चार ओळी मुलाबाळांना आवाजाइतक्याच लागतील.

आपल्यातल्या ज्या भगिनी आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, त्यांच्या चाली कुठल्याही पुस्तकात छापलेल्या नाहीत. त्या ओठांवरच आहेत, आणि यंदाच्या आरतीला त्यांतल्या दोन आवाज कमी असतील. मी पाच पेनड्राइव्ह उबंटू स्टुडिओ भरून आणले आहेत. ज्यांना हवे त्यांनी न्यावेत, दोन रविवारांनी परत आणावेत. जमलं नाही तर मला घरी बोलवा. चहा चालेल, आणि समोर पोहे असतील तर सेव वरून जरा जास्त घाला.

आता तालमीला बसू या. आणि आज पहिली आरती मी माझ्या यंत्रावर रेकॉर्ड करणार आहे, तेव्हा कृपा करून कुणीतरी पंखे बंद करा.

गणपती बाप्पा मोरया.